पाठ लागली तरी हात सोडायचा नाही

आमची पलटण पूर्वेकडच्या सीमेवर गेली तेव्हा मी हवालदार होतो. घातक प्लाटूनचा इन्स्ट्रक्टर. ठाणं साडेचौदा हजार फुटांवर. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारांसह मोर्चावर हजर, सहाला चहा, साडेसहाला पीटी, आठला नाश्ता, मग गस्त किंवा ट्रेनिंग. थंडीच्या दिवसांत साडेचारला अंधार पडायचा. पाणी बर्फ वितळवून मिळायचं. आंघोळ पंधरा दिवसांतून एकदा.

नागरिकांना एक गोष्ट आधी सांगावी लागते, कारण पुष्कळांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. त्या भागात गस्तीवर रायफल पाठीला असायची, पण गोळी चालवायची नाही, असं दोन्ही बाजूंनी ठरलेलं होतं. समोरची गस्त आडवी आली की बॅनर दाखवायचा. ही आमची हद्द आहे, मागं जा, असं सांगायचं. नाही ऐकलं तर छातीनं ढकलायचं. तोफा, रडार, हेलिकॉप्टर सगळं मागं होतं. जागा राखायची ती हातापायांनी.

हातापायांचं मला कळत होतं. आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरपासून चालत दीड तास. दीड एकर भात आणि चार भावंडं. तेराव्या वर्षी मामानं मला कोल्हापुरात तालमीत आणून टाकलं. मामा तिथल्या पैलवानांना दूध घालायचा, उरलेलं मला मिळायचं. सहा वर्षं लाल मातीत गेली. तिथून भरती झालो. कुणाची चिठ्ठी नाही, वशिला नाही. माझं डोकं लवकर तापतं, त्यामुळं माझ्या दोन बढत्या उशिरा झाल्या. हे मी लपवत नाही.

ठाण्यावर पोचून आठवडा झाला आणि कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी बोलावलं.

"चौगुले, बिना हथियार की एक ड्रिल बनाओ. तीन हफ़्ते. सात-आठ काउंट से ज़्यादा नहीं. जवान को सोचना न पड़े."

"जी साहब."

आमची पलटण सगळ्या राज्यांच्या जवानांची. त्याच दुपारी मी दोघांना लंगरच्या तंबूत बसवलं. बुखारीची शेगडी पेटलेली, वर चहाचा डेगचा. एक शिपाई सुकुमारन, केरळचा, आमचा नर्सिंग असिस्टंट. लहानपणापासून कळरीत, म्हणजे तिकडच्या युद्धकलेच्या आखाड्यात, वाढलेला. इतका खाली वाकून पुढं यायचा की समोरच्याला तो दिसायचाच नाही. दुसरा नायक इबोमचा सिंग, मणिपूरचा. त्यांच्याकडं तलवार आणि भाल्याची थांग-ता नावाची विद्या आहे. ती त्याच्या घरात तीन पिढ्या. बोलायचा कमी, हसायचा डोळ्यांनी.

मी आयुष्यात भाव केल्याशिवाय काही घेतलेलं नाही. तिथंही भावच केला.

पहिले दोन काउंट, म्हणजे हालचालीचे टप्पे, सुकुमारनला दिले: खाली वाकून आत शिरणं. तिसरा, कॉलर आणि बाही धरायची पकड. ती मी कमांडो कोर्सला शिकलो होतो, ज्युदोतली. चौथा, पाचवा, सहावा माझे: बगलेत हात, टांग, आणि ढाक. ढाक म्हणजे समोरच्याला आपल्या कमरेवरून फिरवून पाठीवर आपटणं. कोल्हापूरच्या मातीत ती शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

इबोमचानं बोटांवर मोजलं. "छह हुए, उस्ताद. सातवाँ मेरा."

"सातवाँ क्या?"

"गिराने के बाद का. पकड़े रखना."

"गिराने के बाद ख़तम. पीठ लग गई, कुश्ती ख़तम."

इबोमचानं चहाचा घोट घेतला. "वो जो नीचे पड़ा है, उसको किसने बताया कि ख़तम?"

सुकुमारन इतका हसला की त्याच्या मगातला चहा सांडला. माझं डोकं तापलं. सहा वर्षं मातीत घालवलेल्या माणसाला हा शिकवणार, असं मनात आलं. पण वरून मी व्यापाऱ्यासारखा शांत झालो. म्हटलं, पहिल्या काउंटचा उभं राहायचा पवित्रा तुझा घेतो, सातवा सोड. शेवट आमचा राहू दे. आमच्यात पडलेल्याला धरून ठेवत नाहीत, ते बसत नाही आमच्यात.

इबोमचानं मग खाली ठेवला.

"ठीक है उस्ताद. छह."

आपल्या भावात माल मिळाला की माणूस जसा खूश होतो, तसा मी खूश झालो. तीन आठवड्यांत ड्रिल बसली. मेजरसाहेबांनी पाहिली आणि पूर्ण कंपनीला लावली.

ती सगळ्यात सुंदर करायचा लान्सनायक धोंडिबा गावडे. चंदगड तालुक्यातला, वय सव्वीस. तोही कोल्हापुरात चार वर्षं तालीम करून आलेला. आमच्या प्लाटूनमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. घरून त्याचे वडील काजू पाठवायचे. पार्सल आलं की तो पहिला माझ्या तंबूत.

"दादा, धरा. आबांनी धाडल्यात."

"आरं, पावशेर तरी ठेव की सोताला."

"मी ह्येच खाऊन वाढलोय. तुमी शाहूवाडीचं, तुमास्नी कुठलं काजू? करवंदं खाऊन आलायसा."

"गप बस. पीटीला लवकर ये उद्या."

"मी कवा उशिरा आलतो?"

खरं होतं. साडेसहाच्या पीटीला तो सव्वासहाला उभा असायचा. सहाव्या काउंटला समोरच्याला आपटायचा, हात सोडायचा, ताठ उभा राहायचा, मांडीवर एक शड्डू ठोकायचा आणि मागं वळून लोकांकडं बघायचा. लोक म्हणजे आम्ही दहा जण आणि एक खेचर. मी कधी त्याला टोकलं नाही. उलट बाकीच्यांना म्हणायचो, "देखो, ऐसे ख़तम करते हैं."

ती गस्त सकाळी सव्वासहाला निघाली. आम्ही अठरा जण. प्रमुख नायब सुभेदारसाहेब, मी टू-आय-सी, म्हणजे त्यांच्या खालोखाल. दहा वाजून चाळीस मिनिटांनी एका नाल्याच्या वरच्या अरुंद सपाटीवर समोरची गस्त दिसली. तीसच्या आसपास. सपाटीची रुंदी दहा-बारा पावलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पंचवीस फूट खाली नाला. कडेनं बर्फ, मधे पाणी.

बॅनर झाला. आरडाओरडा झाला. पंधरा मिनिटं गेली. मग त्यांची पहिली रांग पुढं आली.

मी वायरलेस सेट हातात घेतला आणि ठाण्याला कळवलं. "टायगर, टायगर टू. आमना-सामना. उधर तीस. धक्का-मुक्की शुरू. ओवर."

"टायगर टू, टायगर. गोली नहीं. दोहराता हूँ, गोली नहीं. जगह नहीं छोड़ना. ओवर."

"गोली नहीं, जगह नहीं छोड़ना. आउट."

ड्रिल चालली. ते आमच्या जवळजवळ दुप्पट होते तरी सपाटी आम्ही सोडली नाही. मी दोघांना पाडलं. इबोमचा माझ्या डावीकडं, त्यानं किती पाडले ते मी मोजले नाहीत. उजवीकडं गावडे. त्याच्यासमोर त्यांचा सगळ्यात दांडगा गडी आला. गावडे खाली वाकला, आत शिरला, पकड घेतली, आणि ढाक मारली. इतकी स्वच्छ ढाक मी मोठ्या मैदानातही क्वचित पाहिली. त्या माणसाची पूर्ण पाठ दगडांवर लागली.

माझ्या तोंडून "वा पैलवान!" निघालं. हे मी म्हणालो होतो, मला पक्कं आठवतं.

गावडेनं हात सोडला. ताठ झाला. तोंड आमच्याकडं वळवलं.

खाली पडलेल्यानं त्याचे दोन्ही घोटे कवटाळले आणि अंग कडेकडं लोटलं. कड चार फुटांवर होती. दोघंही गेले. गावडे खाली, तो वर.

इबोमचा दोर बांधून पहिला उतरला, त्याच्यामागं सुकुमारन. समोरचे लोकही थबकले. त्यांचा माणूस त्यांनी दुसऱ्या बाजूनं वर ओढला, त्याचा हात मोडला होता. अकरा पंचवीसला आम्ही गावडेला सपाटीवर घेतलं.

"टायगर, टायगर टू. एक कैज़ुअल्टी. सिर की चोट. प्रायोरिटी वन. हेलिकॉप्टर चाहिए. ओवर."

"टायगर टू, नीचे मौसम बंद. कोशिश जारी. ओवर."

गावडे शुद्धीवर नव्हता. माझा कोट त्याच्यावर घातला. सुकुमारननं जे करता येईल ते सगळं केलं. मग त्यानं घड्याळ पाहिलं आणि मला वेळ सांगितली. बारा पस्तीस. हेलिकॉप्टर दोन वाजून दहा मिनिटांनी आलं.

समोरचे मागं गेले होते. सपाटी आमच्याकडं राहिली, आजही आहे.

त्यानंतर मी इबोमचाची वाट पाहत होतो. तो काहीतरी म्हणेल आणि मी त्याच्या अंगावर जाईन, असं मला वाटत होतं. तो काहीच म्हणाला नाही. तिसऱ्या दिवशी साडेसहाला पीटीच्या जागी मीच त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"सातवाँ सिखा. पहले मेरे को."

"हाथ दो, उस्ताद."

त्या सकाळी त्यानं मला कितीदा पाडलं कुणास ठाऊक. सातवा काउंट दिसायला काहीच नाही. समोरच्याची पाठ लागली तरी हात सोडायचा नाही. त्याचं मनगट आपल्याकडंच, आपला गुडघा त्याच्या दंडावर. उठायचं ते त्याच्या डोक्याच्या अंगानं, पायांच्या अंगानं नाही. आणि तीन पावलं मागं जाईपर्यंत नजर त्याच्यावरून काढायची नाही. इबोमचाच्या घरी हे तलवारीबरोबर शिकवतात. पडलेल्याच्या हातात तलवार अजून असते, एवढंच त्याचं कारण.

सांगायला सोपं, पण मातीतल्या माणसाचं अंग ऐकत नाही. पाठ लागल्याचा आवाज आला की बोटं आपोआप उघडतात. माझी बोटं बंद राहायला दोन महिने लागले.

आम्ही त्या भागात आणखी दोन वर्षं होतो. चार वेळा आमना-सामना झाला. आमचा एकही माणूस पुन्हा कडेवरून गेला नाही. पुढं ब्रिगेडनं ती ड्रिल उचलली, दुसऱ्या पलटणींचे इन्स्ट्रक्टर शिकायला आले. जवान तिला नुसतं 'सात' म्हणायचे. कोण कुठल्या राज्यातला, कुठला काउंट कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. नोकरीत मला दोन मेडल मिळाली. त्यांच्यापेक्षा मला या सात काउंटचा अभिमान जास्त आहे.

सुभेदार म्हणून निवृत्त झालो. कोल्हापुरात मार्केट यार्डाजवळ पशुखाद्याचं दुकान काढलं. पहिलं वर्ष पोती मीच उचलली. आता दुकान बरं चालतं. मागच्या गोडाऊनमध्ये रोज सकाळी सहाला पोलीस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं-मुली येतात. त्यांना 'सात' शिकवतो.

गेल्या वर्षी शहरात युद्धकलांचा महोत्सव ठरला. मी अर्ज भरला. त्यात एक रकाना होता: परंपरा. मी लिहिलं, "मल्लविद्या, कळरी, ज्युदो, थांग-ता." चार दिवसांनी समितीच्या देसाईसरांनी बोलावलं. निवृत्त शिक्षक, बोलायला मऊ, पण आत पक्के.

"सुभेदारसाहेब, एका रकान्यात चार परंपरा कशा बसायच्या? आणि त्यात एक जपानी."

"अक्षर बारीक काढतो."

ते हसले. चहा मागवला. मग खरं बोलले. "असं करू. आपण 'मराठा युद्धकला' लिहू. मुख्य मैदान, मुख्य दिवस, पंधरा मिनिटं. फक्त ते शेवटचं मणिपुरी तेवढं काढा. सहावर थांबा. ढाक, चितपट, शड्डू. आपल्या लोकांना तेच कळतं, तेच आवडतं."

सौदा चांगला होता. यापेक्षा वाईट सौद्यांना मी आयुष्यात हो म्हटलेलं आहे.

"सर, तुमच्या त्या प्रदर्शनात फिरंग तलवार ठेवणार हाय न्हवं?"

"अर्थात."

"तिचं पातं फिरंग्यांच्या मुलखातनं आलेलं. मूठ तेवढी हितली. तालमीत आमी 'पैलवान' म्हनतो, 'उस्ताद' म्हनतो, ते शब्द कुठले? संस्थानच्या काळात पंजाबचे मल्ल हितं येऊन राहिले, त्यांचे डाव आज कोल्हापूरचे झाले. ते सगळं चालतं?"

"ते जुनं आहे हो. जुनं झालं की आपलं होतं."

उत्तर बरोबर होतं. तेच मला झोंबलं.

"मग किती वर्षं थांबायचं तेवढं सांगा. मी थांबतो. भाव सांगा तुमचा."

"साहेब, हा बाजार नाही. संस्कृतीचा प्रश्न आहे. बाहेरचं काढलं तर आपलंच शुद्ध रूप—"

माझा हात टेबलावर पडला. चहा त्यांच्या अर्जांवर गेला.

"जे काढा म्हनताय, ते एकदा मीच काढलंतं, सर! शुद्ध ठेवलंतं! एक मानूस गेला त्यात."

खोलीत दुसरे दोघं होते, ते उठून बाहेर गेले. देसाईसरांनी रुमालानं कागद टिपले. काय झालं होतं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. शेवटी त्यांनी जे देऊ केलं ते असं: शेवटचा दिवस, दुपारी चार, बाजूचं मैदान, सहा मिनिटं, प्रमाणपत्र नाही. कार्यक्रमपत्रिकेत आमच्यापुढं छापलं होतं, 'इतर'.

ते 'इतर' मला अजून सलतं. सांगून टाकतो, म्हणजे मनात राहणार नाही. चौदा हजार फुटांवर ज्यानं जागा राखली ते 'इतर', आणि मंडपात फेटे बांधून सहावर थांबलो असतो तर परंपरा. इबोमचाला फोन केला. तोही आता घरी असतो. तो फोनवर बराच वेळ हसला.

"उस्ताद, 'इतर' ही ठीक है. मैं तो पूरी नौकरी 'इतर' में था. आदमी अच्छे मिले उसमें."

मला कुणी विचारलं की ही कला कोणत्या देशाची, कोणत्या प्रांताची, तर मी एवढंच सांगतो. ढाक कोल्हापूरची आहे आणि ती मी कुणाला देणार नाही. सातवा मणिपूरचा आहे आणि तो मी कुणाला चोरू देणार नाही. पण त्या तंबूत बुखारीभोवती जे तयार झालं ते आम्हा तिघांचं होतं, नंतर पलटणीचं झालं. त्या जवानांनी ते अंगावर वापरलं. त्यातला एक त्यात गेला. माझ्या हिशेबी परंपरा व्हायला एवढं पुरे. शंभर वर्षं थांबायची गरज नाही.

प्रयोगाला या म्हणून मी गावडेच्या वडिलांना आधीच निरोप दिला होता. आबा गावडे. चंदगडहून सकाळची एसटी धरून एकटेच आले. मैदानात साठेक माणसं असतील. आबा पहिल्या रांगेत, टोपी गुडघ्यावर. माझ्या सहा मुला-मुलींनी सहा मिनिटांत सगळं दाखवलं. टाळ्या बेताच्या पडल्या. ढाकेला जोरात, सातव्याला कमी. लोकांना वाटलं, संपलं की, आता धरून काय ठेवलंय.

मंडपवाले खुर्च्या उचलायला लागले. आबा बसूनच होते. मी जवळ गेलो.

"सुभेदार, धोंडूला ह्यातलं समदं येत हुतं?"

"सहापर्यंत येत हुतं, आबा. सगळ्यांत भारी येत हुतं."

"आन् ते शेवटचं? धरून ठेवायचं?"

"न्हाय."

"का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कोर्ट ऑफ इन्क्वायरीतही नाही. तिथं पाय घसरल्याचं लिहिलं गेलं, आणि मी सही केली.

"मी काढलंतं, आबा. ड्रिलमदनं. आमचं न्हवं म्हनून."

आबांनी टोपी उचलली, झटकली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं उठून निघून जातील. गेले असते तर मी अडवलं नसतं.

"मला कागदावर पाय घसरला म्हून आलंतं."

"व्हय."

"तुमी दोनदा घरी आलासा. जेवलासा. तवा का न्हाय बोललासा?"

"धाडस झालं न्हाय."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग विचारलं, "ह्या पोरास्नी सातवं बी शिकीवता न्हवं?"

"व्हय. पयल्या दिशी तेच शिकीवतो. मग बाकीचं सहा."

"परत दाखवा एकदा. मला नीट दिसलं न्हाय."

वेळ संपली होती. समितीचा स्वयंसेवक आला, म्हणाला, "काका, मैदान मोकळं करायचंय." मी त्याच्याकडं नुसतं पाहिलं, तो गेला. मुलं कपडे बदलायला गेली होती. एकच मुलगी उभी होती, राधानगरीकडची, पोलीस भरतीची. मी बूट काढले आणि तिच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, मार ढाक. माझं वय झालंय, वजनही आहे. तिनं मारली. माझी पूर्ण पाठ मातीला लागली. तिनं मनगट सोडलं नाही. गुडघा दंडावर आला. ती माझ्या डोक्याच्या अंगानं उठली आणि तीन पावलं मागं गेली, नजर माझ्यावर.

खालून मला आबांचे फक्त पाय दिसत होते. ते उठून पुढं आले होते.

"आस्सं," ते म्हणाले. मग त्यांनी मला हात दिला आणि उठवलं.

संध्याकाळच्या एसटीपर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. वाटेत आम्ही पाऊस, भात आणि काजूच्या मोहोरावर बोललो. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून सांगितलं, "शिकीवताना त्याचं नाव घेत जावा."

घेतो. प्रत्येक नव्या बॅचला, पहिल्या सकाळी, सातव्याच्या आधी. लान्सनायक धोंडिबा गावडे, घातक प्लाटून, तालुका चंदगड. कुस्तीत त्याची पाठ कधी कुणी लावली नाही.